मटारचे दिवस आणि चौथा रकाना

भोपाळच्या साकेत नगरातल्या आमच्या गल्लीत काल मटारची पहिली हातगाडी आली. "मीठी मटर, ताज़ी मटर" असं ओरडत गाडीवाला नेमका आमच्या फाटकासमोर थांबला. मी कितीही घासाघीस केली तरी रिकाम्या हातानं परत जात नाही, हे त्याला पाठ झालंय. पिशवी भरून घेतली, गच्चीवर उन्हात चटई टाकली, पहिली शेंग फोडली आणि तो ओला, हिरवा वास आला. या वासानं कुणाला माहेर आठवतं, कुणाला आईच्या हातच्या करंज्या आठवतात. मला एक ऑनलाइन शीट आठवते. हसा खुशाल. माझा एक सबंध हिवाळा त्या शीटवर गेला आणि त्या दिवसांत मी जेवढी हसले तेवढी नंतर क्वचितच हसले असेन.

खरं तर तो हिवाळा हसण्याचा नव्हताच. त्या वर्षी दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बाबा म्हणजे माझे सासरे. मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी इथल्या मोठ्या कारखान्यात लेथवर लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. अख्ख्या मशीन शॉपमध्ये त्यांचा आवाज घुमायचा म्हणतात. तो माणूस दवाखान्यातून घरी आला तो उजवा हात मांडीवर ठेवून, गप्प. समज शाबूत होती. सगळं कळायचं, डोळे सगळीकडे फिरायचे, पण तोंडातून फार तर 'हं' निघायचं. डॉक्टर म्हणाले, हे पहिले काही महिने मोलाचे आहेत, जितकं हलतील आणि बोलतील तितकं परत मिळेल. बाबा हलतही नव्हते आणि बोलतही नव्हते. सकाळी खुर्चीत बसवलं की दुपारपर्यंत तिथेच, आणि मला त्या खुर्चीचा राग यायला लागला होता.

घरी फिजिओथेरपीवाल्या मॅडम यायच्या. बाई गोड बोलायच्या. "बाबूजी, ज़रा हाथ तो उठाइए। शाबाश, कोशिश कीजिए।" बाबा त्यांच्याकडे असे बघायचे, की पाहुण्या आल्यात, यांना पाणी दिलं का कुणी? हात मात्र जागचा हलायचा नाही. मग मी मागून म्हणायचे, "बाबा, हात वर," आणि हात थोडासा उचलला जायचा. ज्या माणसानं चाळीसेक वर्षं हिंदीत हुकूम सोडले, हिंदीत भांडणं केली, हिंदीत चहा मागवला, त्याच्यापर्यंत आता हिंदी पोहोचतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, पहिली शिकलेली भाषा आधी परत येते. मॅडमनी बिचाऱ्यांनी माझ्याकडून चार शब्द मराठीचे लिहूनही घेतले, पण त्या 'उचला' असं काही म्हणायच्या, की बाबा माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचे.

माझ्या नणंदेची मुलगी मृण्मयी त्या वेळी घरूनच एका लहानशा कंपनीचं काम करायची. त्यांचं एक ॲप होतं. आजारातून उठलेल्या माणसांनी घरी व्यायाम कसा करायचा ते चित्रं दाखवून आणि मोठ्यानं बोलून सांगणारं. इंग्रजी होतं, हिंदी होतं, मराठी नव्हतं. मृण्मयी आजोबांना बघायला आली, त्यांच्या समोर टॅबलेट ठेवला, हिंदी आवाज सुरू केला आणि आजोबांनी शांतपणे मान खिडकीकडे वळवली.

"मामी, मराठी पाहिजे यार," ती मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "माझे बॉस म्हणतात की भोपाळमध्ये हिंदी चालतं ना, मग काय ज़रूरत? मी बोलले, फ्री में करवा के देते. तुम्ही कराल ना?"

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"मराठी येते ना? बस. बाकी सगळं शीटमध्ये आहे."

बॉसनी तिला मुदत दिली होती. सगळा मराठी मजकूर तोवर भरला तर मराठी ॲपमध्ये राहील, नाहीतर तो विषय बंद. ती तारीख आमच्या कालनिर्णयाप्रमाणे रथसप्तमीच्या आसपास पडत होती. म्हणजे संक्रांत, हळदीकुंकू, मटार, गाजरं, सगळं ऐन भरात असताना. मी एकटी काय पुरी पडणार? दोन मैत्रिणींना ओढलं.

एक कुसुमताई. इंद्रपुरीत राहणाऱ्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर 'टेबल' म्हटलं तरी त्या चष्म्यावरून बघतात. दुसरी शैला, मूळची नागपूरची, नवरा भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात. ती सगळं काम फोनवर अंगठ्यानं करायची, आणि त्या अंगठ्याला थारा नव्हता. तिनं शीट उघडताना स्वतःचं नाव कधी दिलंच नाही. नाव नसलं की ती शीट माणसाला कुठल्यातरी प्राण्याचं नाव बहाल करते. त्यामुळे आम्ही काम करत बसलो, की कोपऱ्यात कधी कोल्हा उगवायचा, कधी पाणमांजर. "कोल्हा आला बघ," असं कुसुमताई मला फोनवर सांगायच्या आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या वाक्यात शैलाचा अंगठा घुसलेला असायचा.

शीट साधीच होती. पहिल्या रकान्यात संगणकाला समजणाऱ्या खुणा, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात हिंदी. चौथा आमचा, मराठीचा, वरपासून खालपर्यंत कोरा. पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही, अशी मृण्मयीची सक्त ताकीद होती. लिहिलेलं वाक्य आधी पिवळं ठेवायचं. दुसरीनं ते मोठ्यानं वाचून बघायचं, कारण ॲपमधला यांत्रिक आवाज तेच वाक्य तसंच्या तसं बोलणार होता. कानाला बरं वाटलं तरच हिरवं करायचं. आणि हिरवी झालेली ओळ आपोआप मृण्मयीनं बाबांसाठी ठेवून दिलेल्या टॅबलेटवर जायची.

मी टोपलीभर मटार आणि लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसायचे. बाबांनाही आम्ही दोघं खुर्चीसकट उचलून वर उन्हात आणायचो. भोपाळची थंडी सकाळी अंग काकडवते आणि दुपारी अशी काही मऊ होते, की माणसानं काम करू नये. पण काम होत होतं. एका हातानं शेंग, एका हातानं कळफलक. इकडे मी, इंद्रपुरीच्या गच्चीवर कुसुमताई, मंडीदीपला शैला, तिघींच्या मांडीवर मटार आणि तिघींच्या समोर तोच एक रकाना. माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या चौकटीत अक्षरं उमटायची आणि कळायचं, कुसुमताईंचं जेवण आटोपलं.

कुसुमताईंनी पहिल्याच दिवशी 'पुढे' या बटणासाठी लिहिलं, 'पुढील व्यायामप्रकाराकडे मार्गस्थ व्हा.' बटण करंगळीच्या नखाएवढं. टॅबलेटवर फक्त 'पुढील व्या' दिसलं. शैलानं ते पुसून 'चला' लिहिलं. कुसुमताईंनी 'चला' पुसून 'अग्रेसर व्हा' लिहिलं. मग मी दोघींना फोन करून 'पुढे' ठरवलं, आणि दोघीही एक दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. नमस्काराच्या ओळीत महिरपी कंसात एक इंग्रजी शब्द होता, त्या जागी ॲप आपणहून माणसाचं नाव घालणार होतं. कंसाला हात लावायचा नाही हे सांगायचं राहून गेलं होतं. कुसुमताई काही अर्धवट सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी कंसातलंही भाषांतर केलं. दुसऱ्या दिवशी टॅबलेट बाबांना म्हणाला, "नमस्कार, नाव!" बाबांनी भुवई उचलली. तेवढीच हालचाल, पण मी ती कौतुकानं सगळ्यांना सांगितली.

तर अशी गंमत चालायची. शीट हळूहळू आमचा गप्पांचा ओटा झाली. फोन एकीचा चार्जिंगला, एकीचा देवघरात, एकीचा यजमानांच्या खिशात. शीट मात्र सदैव उघडी. मग निरोपही तिथेच. एखाद्या मोकळ्या चौकटीत शैलाचं 'कुकर किती शिट्ट्या?' उमटायचं, मी खाली 'तीन' लिहायचे, आणि काम झालं की दोन्ही पुसायचं. मृण्मयी कपाळाला हात लावायची.

"मामी, बाजूला कॉमेंट लिहायची जागा दिली आहे ना! तिथे लिहा. सेलमध्ये नका लिहू प्लीज, कुछ भी ॲप में चला जाएगा."

"पिवळं असेपर्यंत कुठं जातं?" मी म्हटलं. नियम मलाही पाठ होते.

शेवटाला मात्र आम्ही अडलो, आणि अडलो त्या कौतुकाच्या ओळींवर. इंग्रजी ॲप ऊठसूट कौतुक करतं. बोट हलवलं, कौतुक. पाय पुढे केला, कौतुक. तुम्ही किती छान आहात, तुम्ही सगळं करू शकता, स्वतःवर विश्वास ठेवा. हिंदीवाल्यांनी ते छान मऊ करून लिहिलं होतं. मराठीत यायला तयारच होईना. कुसुमताईंनी 'आपण अतुलनीय आहात' लिहिलं. मी ते वाचून दाखवलं तर शैला म्हणाली, "वहिनी, बाबांना असं म्हटलं तर त्यांना वाटेल, वर्गणी मागायला आले." 'शाब्बास' लिहिलं, तर ते लहान पोराला म्हटल्यासारखं. 'वा, छान' लिहिलं, तर गाण्याच्या बैठकीसारखं.

तेव्हा मला उमगलं, की आमच्या घरात कुणी कुणाचं तोंडावर कौतुक केलेलं मला आठवतच नाही. आमचे हे बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले, धावत घरी येऊन बाबांना निकाल सांगितला, तर बाबा म्हणाले, "बरं. चपला नीट ठेव." तरी त्या संध्याकाळी बाबांनी शॉपमधल्या सगळ्यांना पेढे वाटले, हे यांना पुढे दुसऱ्यांकडूनच कळलं. माझ्या सासूबाई असत्या तर मी त्यांना विचारलं असतं, की या माणसाशी लाडानं कसं बोलायचं असतं हो? पण त्यांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि त्याही बाबांशी लाडानं बोलताना मी कधी ऐकल्या नव्हत्या. दिवसभर कटकट करायच्या आणि जेवताना त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवायच्या. माया फार होती, ती बोलण्याच्या दुसऱ्याच वाटेनं यायची.

सगळ्यांत कठीण ओळ होती खुर्चीतून उठण्याची. सगळ्या व्यायामांत माझ्या दृष्टीनं हाच एक खरा. आता उभे राहा, स्वतःवर विश्वास ठेवा, तुम्हाला जमेल, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. मॅडमनी मला शिकवून ठेवलं होतं, कमरेच्या पट्ट्याला कसं धरायचं, पाय कुठे टेकवायचे. बाबा तेवढं सगळं माझ्याकडून करून घ्यायचे आणि ऐन वेळी बसूनच राहायचे. मी म्हणून बघितलं, यांनी म्हणून बघितलं. ओढून उठवता येत होतं, पण मॅडम म्हणायच्या, त्यांच्या मनानं उठले पाहिजेत. हिवाळा सरत चालला होता आणि मला रोज भीती वाटायची, की ते मोलाचे महिने या खुर्चीतच संपणार. ती ओळ आम्ही रिकामीच सोडली. पिवळी, कोरी.

रथसप्तमी तोंडावर आली. शेवटचं हळदीकुंकू कुसुमताईंकडे होतं. त्यांनी तिळगूळ केला होता, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या, आणि शैला मंडीदीपहून मटारची करंजी घेऊन वेळेआधीच पोहोचली होती. मला बाबांचा दुपारचा व्यायाम उरकल्याशिवाय निघता येत नव्हतं. हे घरी होते, मृण्मयी यायची होती, ती आली की मी सुटणार होते. तोवर मी गच्चीवर बाबांचा पट्टा बांधत होते आणि माझा फोन खाली स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून वाजत होता.

पुढचं मला मागाहून कळलं. शैला मला फोन करून करून दमली. मग तिनं नेहमीसारखी शीट उघडली. वहिनी शीटवर असणारच. मोकळी चौकट दिसली तिथे अंगठ्यानं निरोप टाकला. आता एवढ्यावरही काही बिघडलं नसतं. पण आदल्या रात्री याच बाईनं आमचा उरलेला रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा करून टाकला होता. "पिवळं बघून मला कसंतरीच होत होतं," ती नंतर म्हणाली. "सणावाराचं काम अर्धवट राहिल्यासारखं वाटून राहिलं होतं."

मी बाबांचे पाय नीट टेकवले, टॅबलेट स्टुलावर ठेवला आणि ॲप सुरू केलं. हात वर झाला, बोटं झाली. मग उठण्याचं चित्र आलं. मला वाटलं ओळ कोरी आहे, आवाज येणार नाही, आपणच काहीतरी म्हणू. आणि तो यांत्रिक बाईचा आवाज, एक शब्द तोलून, दुसरा शब्द तोलून, म्हणाला:

"अहो, उठा ना आता. किती वेळ बसून राहणार? सगळ्या बायका खोळंबल्यात. चहा गार होऊन राहिला."

मी दचकले. बाबाही दचकले. त्यांनी टॅबलेटकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग पुन्हा टॅबलेटकडे. कपाळावर आठी चढली. ती आठी मी दिवाळीपासून बघितली नव्हती.

"येऊन राहिलो ना, बाप्पा," बाबा म्हणाले.

शब्द जड होते, कडा झिजलेल्या होत्या, पण सगळे होते. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला, पुढे झुकले आणि उठले. पुरते नाही. गुडघे थरथरले, मी पट्टा घट्ट धरला, ते क्षणभर अधांतरी राहिले आणि परत टेकले. मग पुन्हा उठले. या वेळी ताठ. माझ्या खांद्यावरून गल्लीत बघत उभे राहिले. मी दोन्ही हातांनी पट्टा धरून ठेवला आणि यांना हाक मारायचं राहूनच गेलं. शेवटी यांनीच काही आवाज कसा नाही म्हणून वर येऊन बघितलं आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले. मला इतका आनंद झाला होता, की मी चक्क रडत होते. बाबा मात्र जिन्याकडे बघत होते. बायका दिसत नव्हत्या आणि चहाही दिसत नव्हता.

चहा टाकला. बाबांनी बशीत ओतून प्यायला. मी हळदीकुंकवाला पोहोचले तेव्हा बायका पांगल्या होत्या, पण कुसुमताई आणि शैला थांबल्या होत्या. ऐकून शैलानं पदर तोंडात धरला. तिला आधी वाटलं, आपण काहीतरी मोठं बिघडवून ठेवलं. कुसुमताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "वाक्यरचना सदोष आहे. पण असू दे."

मृण्मयी मात्र शिस्तीची. तिच्या बॉसनी दुसऱ्या दिवशी सगळे रकाने तपासायला घेतले होते. या ओळीचं मराठी इंग्रजीच्या तिप्पट लांब कसं, असं त्यांनी विचारलंच. बिचारीनं घाईघाईनं दुरुस्ती केली. 'कृपया उभे राहा. तुम्हाला नक्की जमेल.' छान, शुद्ध, बेताचं वाक्य. कुसुमताईंनीही मोठ्यानं वाचून मान्य केलं. मुदतीच्या आत रकाना पूर्ण झाला, मराठी ॲपमध्ये राहिलं, मृण्मयीनं आम्हा तिघींना तिळाची गजक पाठवली. खरं म्हणजे हेच आम्हाला हवं होतं.

त्याच दुपारी उन्हात बाबांना बसवलं. पट्टा बांधला, पाय टेकवले, ॲप सुरू केलं. हात झाला, बोटं झाली. आवाज म्हणाला, "कृपया उभे राहा. तुम्हाला नक्की जमेल."

बाबा बसून राहिले. आवाजानं पुन्हा म्हटलं. बाबांनी मान वाकडी करून टॅबलेटच्या मागे बघितलं, कुणी लपलंय का असं. मग माझ्याकडे वळले. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"सूनबाई," ते म्हणाले, "कालची बाई कुठं गेली?"

मी लॅपटॉप मांडीवर ओढला, शीट उघडली, चौथ्या रकान्यातली ती सभ्य ओळ पुसली आणि शैलाचं वाक्य होतं तसं, चहासकट, परत लिहिलं. हिरवं केलं. तोवर बाबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला होता आणि टॅबलेटकडे बघत वाट पाहत होते.